तिसरी हाक

"नव्या गिऱ्हाइकाला जो भाव, तोच आपल्याला! वर एक रुपया मिळणार नाही त्यांना!"

गुरुवारी सकाळी स्नेहलने हे जाहीर केलं तेव्हा तिच्या कडेवर रुद्र होता, रुद्रच्या मुठीत तिची वेणी होती आणि गॅसवर दूध होतं. अशा अवस्थेत बाई जे बोलते ते एकतर फार खरं असतं, नाहीतर फार महागात पडतं. इथे दोन्ही झालं.

भानगड तशी साधी होती. घरातल्या इंटरनेटची वर्षाची मुदत शुक्रवारी संपत होती. कंपनीने मोठ्या प्रेमाने निरोप पाठवला होता, की आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात, तेव्हा आता महिन्याला सहाशेऐवजी नऊशे भरा. आणि त्याच सकाळी, त्याच फोनवर, त्याच कंपनीची जाहिरात येऊन पडली होती : 'नवीन ग्राहकांसाठी फक्त सहाशे!'

"म्हणजे वर्षभर वेळेवर पैसे भरले, ही आपली चूक!" स्नेहल म्हणाली.

"भरून टाकू या ना," महेश म्हणाला. तो अंबडच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होता. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून तो इतका दमायचा, की घरी आल्यावर कशातही चूक काढायचं त्राण त्याच्यात उरत नसे. "सोमवारपासून तुझं काम सुरू होतंय. आत्ता कशाला पंगा?"

सोमवारचं नाव निघालं की स्नेहल बोटांवर दिवस मोजायला लागायची. रुद्रच्या वेळी सुटलेली नोकरी तिला परत मिळाली होती. कंपनी पुण्याची, काम घरून, अट एकच : घरचं इंटरनेट पक्कं हवं. ते नसेल तर सोमवार ते शुक्रवार पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा. आणि रुद्र तर आत्ता कुठे भिंत सोडून चालायला लागला होता. चार पावलं टाकायचा, पाचव्याला दाणकन बसायचा आणि आपण मुद्दामच बसलो असं तोंड करून आईकडे बघायचा. ते तोंड बघायला आई पाथर्डी फाट्यावरच्या या दोन खोल्यांतच हवी होती. पुण्याहून फोनवर ते तोंड दिसलं असतं, पण त्याला आईचं तोंड दिसलं नसतं. कारण फोन दिसला की तो आधी चाखून बघायचा.

"म्हणूनच आत्ता!" स्नेहल म्हणाली. "एकदा नऊशे भरले की पुढच्या वर्षी बाराशे. मी भाव पाडून दाखवते की नाही, बघा तुम्ही!"

एरवी ती महेशला सरळ 'महेश, तू' म्हणायची. पण सोफ्यावर सासरे बसले असले की 'अहो, तुम्ही' सुरू व्हायचं. आणि सोफ्यावर सासरे होते.

सावळीराम, घरात सगळ्यांचे आबा. निफाडच्या अलीकडे त्यांची द्राक्षाची बाग. जानेवारीत माल तयार होत आलेला, बागेत व्यापाऱ्यांच्या चकरा सुरू झालेल्या, आणि नेमका तेव्हाच त्यांचा एक दात हलायला लागला होता. म्हणून ते दातांच्या डॉक्टरकडे चार दिवस नाशिकला आले होते. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं. आबांनी ते डॉक्टरांचं वैयक्तिक मत म्हणून सोडून दिलं होतं.

"पोरी," आबा म्हणाले, "भाव पाडायचा आसंल तर एकच गोष्ट ध्यानात ठेव. उठून चालू लागायचं."

"फोनवर कसं उठून चालणार, आबा?"

"फोन ठिवायचा. तेच उठनं. मागून हाक येती. पयल्या हाकंला वळायचं नाय. दुसऱ्या हाकंला बी नाय. तिसऱ्या हाकंला वळायचं, ते पन आर्धंच. माझी सारी हयात गेली यात. ह्या सालीच बघ, तो पिंपळगावचा व्यापारी गाडीपर्यंत जाऊन तीनदा परत आलाय."

हे ऐकून स्नेहलला दहा हत्तींचं बळ आलं. तिने रुद्रला आबांच्या मांडीवर ठेवलं, दूध उतरवलं आणि कंपनीला फोन लावला. फोनमध्ये आधी सनई वाजली, मग एक दाबा, मग दोन दाबा, मग पुन्हा सनई. रुद्र सनईवर डोलू लागला. शेवटी एकदाचा माणसाचा आवाज आला.

"नमस्कार, मी वेदिका बोलतेय. मी आपली काय मदत करू शकते?"

"वेदिका, मला सांगा, नवीन माणसाला सहाशे आणि मला नऊशे का?"

"मॅडम, ती योजना नवीन ग्राहकांसाठी आहे."

"मग मी काय शिळी झाले?"

"नाही मॅडम, आपण मौल्यवान आहात."

"तेच म्हणते मी! मौल्यवान माणसाकडून कुणी जास्त घेतं का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. वेदिकाच्या समोरच्या कागदावर या प्रश्नाचं उत्तर नसावं. मग ती म्हणाली, "मॅडम, मी आपली भावना समजू शकते."

आबांनी सोफ्यावरून दोन्ही हातांनी खूण केली : ऊठ! चल!

स्नेहल खरंच उठली. उठायची काही गरज नव्हती, पण ती उठली आणि दारापर्यंत चालतसुद्धा गेली. "मग बंद करा! मला नकोच तुमचं इंटरनेट!"

"मॅडम, बंद करण्याची विनंती नोंदवून घेऊ का?"

स्नेहलने वळून पाहिलं. आबांनी डोळे मिटून होकारार्थी मान हलवली. बागेतला माल विकताना ते अशीच मान हलवतात, हे महेशला माहीत होतं. तो काहीतरी बोलणार होता, पण त्याच्या तोंडात पोहे होते.

"नोंदवा!" म्हणून स्नेहलने फोन ठेवला आणि विजयी मुद्रेने सोफ्यावर येऊन बसली.

फोन लगेच वाजला. त्याच नंबरवरून!

"बघ!" आबा खूश होऊन मांडीवर थाप मारणार होते, पण मांडीवर रुद्र होता, म्हणून त्यांनी महेशच्या मांडीवर मारली. "पयली हाक! उचलायचा नाय!"

फोन वाजून वाजून थांबला. दुपारी परत वाजला. दुसरी हाक! दोघं सासरा-सून फोनकडे अशी टक लावून बसली, जसं काही तो उतू जाणार होता. तोही थांबला.

"आता तिसरी," आबा म्हणाले. "उचल, पन लगेच हो म्हनू नको."

गुरुवार गेला. शुक्रवार आला. तिसरी हाक येईना. त्या दिवशी स्नेहलने फोन आंघोळीला जाताना न्हाणीघराच्या खिडकीत ठेवला, भाकरी थापताना डब्यावर ठेवला, रुद्रला झोपवताना उशाशी ठेवला. एकदा वाजला. गॅस सिलिंडर कधी आणू, असं विचारायला. शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीमागच्या डब्यावरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि लाल झाला. रुद्रला लाल दिवा फार आवडला. तो चार पावलं चालत गेला आणि पाचव्याला बसून टाळ्या वाजवू लागला. टाळ्या वाजवणारा घरात तो एकटाच होता.

"नऊशे देऊन मोकळे झालो असतो," महेश हळूच म्हणाला.

"अहो, तुम्ही जरा गप्प बसता का!" हे 'अहो' आबा समोर नसते तर फार वेगळं असतं.

आबांनी मात्र हार मानली नव्हती. ते म्हणाले, "व्यापारी परत आला नाय, तर दुसरं हत्यार. नाशकात ह्या धंद्यातली जेवढी मानसं आसतील तेवढी एकाच येळी बोलवायची. एकमेकांची तोंडं बघू द्यायची. च्या पाजायचा. मंग भाव आपोआप हालतो. आमी बागंत तेच करतो."

स्नेहलला हे पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, सोमवारला मधे दोनच दिवस उरले होते आणि दुसरं काही सुचत नव्हतं. तिने तीन ठिकाणी फोन केले आणि तिघांनाही शनिवारी सकाळची एकच वेळ दिली.

पहिली आली तेजल. पिवळा टी-शर्ट, हातात टॅब, आणि बोलण्याचा वेग असा की स्वल्पविरामाला जागाच नाही. तिच्या मागोमाग निळ्या टी-शर्टवाला राजू. हा मूळचा पेठ तालुक्यातला, अतिशय सभ्य. दारातच बूट काढून चांगले भिंतीला लावून ठेवणारा. आणि शेवटी गोटीराम केबलवाला. टी-शर्ट नाही, टॅब नाही, नुसतं पोट आणि खिशात टेस्टर. त्या सगळ्या गल्लीवरच्या वायरी त्याच्या होत्या, म्हणून तो कुणाच्याही घरात आपल्याच घरासारखा शिरायचा.

तिघांनी एकमेकांना पाहिलं. आबांनी तिघांना पाहिलं. आबांचा चेहरा उजळला. डिसेंबर-जानेवारीत बागेत व्यापारी उतरले की उजळतो, तसा.

"या, बसा. आधी माल बघून घ्या," ते म्हणाले.

"माल?" तेजल म्हणाली.

आबा तिघांना घर दाखवायला घेऊन गेले! ही खोली, ही उन्हाची बाजू, ही भिंत पक्की, हे बटन नवीन बसवलंय, खाली पार्किंगला गेट हाय, शेजारी भांडकुदळ नाहीत. स्वयंपाकघरात नेऊन म्हणाले, "आन् ही सून. पुन्याच्या कंपनीत मोठ्या कामाला हाय." तिघांनी सुनेला नमस्कार केला. सून कडेवरच्या रुद्रला थोपटत होती. रुद्रची झोपायची वेळ झाली होती आणि तो किरकिरत होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आबांनी उभ्या आयुष्यात हजार सौदे केले होते, पण सगळे विकायचे. घ्यायचा एकही नाही. घरात जे काही विकत घ्यायचं ते त्यांची बायको, सगुणाबाई, घेत. बाजारात आबा पिशवी धरून मागे उभे राहत आणि तेवढ्या वेळात येणाऱ्या-जाणाऱ्याला द्राक्षाचा भाव विचारत. ही गोष्ट स्नेहलच्या लक्षात आली, तेव्हा ती आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली होती, रुद्र तिच्या खांद्यावर अर्धा झोपला होता आणि दाराच्या फटीतून बैठकीचा आवाज येत होता.

"आमचं सातशेला बसेल काका," तेजल म्हणाली.

"सातशे?" आबांचा आवाज. "बस्स?"

"मी साडेसहाशेला देतो," राजू म्हणाला.

"आरं, खाली कुठं चाललाय? घर बघितलं ना तू? वर ये, वर!"

बैठकीत सगळे गोंधळले. या धंद्यात असं बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण गोटीराम गेली वीस वर्षं केबल चालवत होता. कुठली वायर कुठे जोडायची ते त्याला बरोबर कळत असे. तो घसा खाकरून म्हणाला, "आबा, आपण साडेसातशे देतो."

"हां! ह्याला म्हंत्यात व्यापारी!"

"आबा!" असं ओरडायला स्नेहलने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात रुद्रने एक मोठा सुस्कारा टाकून मान तिच्या गळ्यात घुसवली. त्याचा ऊन ऊन श्वास तिच्या मानेला लागला. मूठ वेणीवरून सैल झाली. तो झोपत होता. ज्या आईचं मूल सकाळपासून डोळे चोळत होतं आणि आत्ता कुठे झोपतंय, ती आई घराला आग लागली तरी आधी अग्निशमन दलाला हळू बोलायला सांगेल. स्नेहलने तोंड मिटलं.

ती तशीच, मांजराच्या पावलाने, दारापर्यंत गेली. दार पायाने लोटलं आणि आबांना मोकळ्या हाताने खूण केली : तळवा खाली, हात खाली, खाली, खाली!

आबांनी ती पाहिली आणि पूर्ण समजुतीने मान डोलवली. मग तिघांकडे वळून बोट ओठांवर ठेवलं. "पोर झोपलंय. हळू बोला."

आणि लिलाव कुजबुजत सुरू झाला!

"सव्वासातशे," तेजल कुजबुजली. आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिने बागेत शिरून घड तोडला. "बरं, आठशे. त्यात सिनेमे फुकट."

"आठशे," राजू कुजबुजला. त्याला बिचाऱ्याला कळत नव्हतं, पण मागे राहायचं नव्हतं.

"साडेआठशे," गोटीराम म्हणाला आणि चहाचा घोट घेतला.

स्नेहल पुन्हा हात खाली करत होती. आबा पुन्हा मान डोलवत होते आणि आवाज आणखी बारीक करत होते. तिने महेशकडे पाहिलं. महेश जेवणाच्या टेबलाशी तिचा फोन घेऊन बसला होता. सकाळीच आबांनी त्याला काम नेमून दिलं होतं, की ही माणसं फोनवर एखादा आकडा पाठवतील, तो आला की वाचून दाखव. महेश दिलेलं काम चोख करणारा माणूस. तो पडद्यावरून नजर काढेना.

मग आबांना त्यांच्या मते नामी युक्ती सुचली. कुजबुजसुद्धा नको! त्यांचे वडील बैलबाजारात बैल विकायचे तेव्हा भाव तोंडाने बोलतच नसत. हातावर उपरणं टाकायचं, उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारच्याला पत्ता लागत नसे. आबांनी खुर्चीवर वाळत टाकलेलं रुद्रचं दुपटं उचललं. पिवळ्या बदकांचं. ते हातावर टाकलं आणि तेजलकडे हात पुढे केला.

तेजलने बदकांकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. म्हातारा माणूस झाकलेला हात पुढे करतोय म्हणजे घरातली काहीतरी रीत असेल, असं समजून तिने दुपट्याखाली हात घातला आणि जोरात हस्तांदोलन केलं. आबांनी तिची चार बोटं मोजली, मान हलवली, हात सोडला. तेजलने ताबडतोब टॅबवर काहीतरी टिकटिक केलं.

मग राजू. त्याने हात दिला, आबांनी बोटं दाबली. राजूला वाटलं आशीर्वाद देताहेत, म्हणून तो वाकून पायाही पडला.

मग गोटीराम. त्याने हात दिला तो सोडेचना. आबाही सोडेनात. दुपट्याखाली बराच वेळ बदकांची हालचाल झाली. शेवटी दोघं एकदम हसले.

आबांचं म्हणणं असं, की त्यांनी फक्त तिघांचा भाव ऐकला होता; सांगणार नंतर होते. पण तिघांचं म्हणणं असं, की हातात हात दिला म्हणजे सौदा झाला. त्यातल्या एकालाही बोटांची भाषा येत नव्हती. आणि दुसऱ्यालाही हात दिला, त्याला बहुतेक 'नाही' सांगितलं असेल, असं प्रत्येकाने आपापल्या मनाशी ठरवून टाकलं.

"एकेचाळीस बासष्ट," टेबलाशी महेश हळूच म्हणाला. तेजलने टॅबवर आकडा टाकला.

"नव्वद सतरा." राजूने फोनवर टाकला.

गोटीरामला आकडाबिकडा लागत नव्हता. त्याने गॅलरीत जाऊन गल्लीतल्या खांबाकडे पाहिलं आणि शिट्टी मारली.

स्नेहलला हे सगळं दिसत नव्हतं. महेशने नजर वर केली नाही तेव्हाच ती रुद्रला पलंगावर ठेवायला आत गेली होती. मूल खांद्यावरून पलंगावर ठेवणं म्हणजे बॉम्ब निकामी करणं. आधी पाठ टेकवायची, मग डोकं, मग आपला हात तसूतसूने काढून घ्यायचा, आणि शेवटी वेणीचं टोक. ते टोक त्याच्या मुठीत अडकलं होतं. म्हणून तीही शेजारी आडवी झाली. दोन मिनिटांसाठी. ती पहाटेची उठलेली.

जाग आली ती ड्रिलच्या आवाजाने. रुद्र आधीच उठून बसला होता आणि भिंतीकडे कौतुकाने बघत होता. भिंतीतून एक वायर आत येत होती.

स्नेहल धावत बाहेर आली. खिडकीतून दुसरी वायर आत आली होती. गॅलरीतून तिसरी, आणि ती गोटीराम स्वतः ओढत होता. टीव्हीच्या फळीवर जुन्या डब्याशेजारी तीन नवे डबे मांडले होते. तिन्हींचे दिवे लुकलुकत होते. आबांच्या बागेत औषध फवारायला ट्रॅक्टर येतो तेव्हासुद्धा एवढी माणसं नसतात.

"आबा," स्नेहल म्हणाली. आता ओरडायला हरकत नव्हती, पण आवाजच फुटेना. "कुणाचं घेतलं?"

आबा दुपट्याची घडी घालत होते. घडी घालता घालता त्यांचे हात थांबले. त्यांनी फळीकडे पाहिलं. एक, दोन, तीन.

"मी तर," ते म्हणाले, "आजून काय बोललोच नाय."

पुढचा अर्धा तास जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात दोन बाजू लागतात. इथे पाच होत्या. तेजल म्हणत होती मॅडम तुमचा आकडा मिळालाय, राजू म्हणत होता मी पाया पडलोय, गोटीराम म्हणत होता वहिनी वायर ओढून झाली. महेश म्हणत होता, "मला आबांनी सांगितलं आकडा आला की वाच. मी वाचला." आणि रुद्र चार पावलं चालून प्रत्येक डब्यापाशी पाचव्याला बसत होता.

"एक मिनिट!" स्नेहल म्हणाली. "तुमच्यापैकी जो मला सहाशेला देईल आणि पुढच्या वर्षीसुद्धा सहाशेच ठेवेल, त्याचं ठेवते. बोला!"

तिघंही एकदम छताकडे बघू लागले.

आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. जुन्या कंपनीचा नंबर.

"तिसरी हाक!" आबा ओरडले. "वळ, पोरी! पुरी वळ!"

"नमस्कार मॅडम, मी वेदिका. आपल्याला आम्ही गुरुवारी दोनदा फोन केला होता. आपला जुनाच भाव कायम ठेवायची मंजुरी मिळाली होती. आपण उचलला नाही, म्हणून विनंतीप्रमाणे जोडणी बंद केली. आमच्या सेवेला आपण पाचपैकी किती गुण द्याल?"

स्नेहलने आबांकडे पाहिलं. आबा दुपट्याकडे बघत होते.

"वेदिका," ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "पाच देते. पण मला परत सुरू करून द्या ना. त्याच भावाला."

"त्याला आता गरजच नाही मॅडम! आपलं खातं बंद झालं, म्हणजे आपण आता नवीन ग्राहक! आपल्याला सहाशेच पडतील!"

हेच तर स्नेहलने गुरुवारी मागितलं होतं! शब्दशः! "मग करा चालू! आत्ताच!"

"हो मॅडम. आमचा माणूस बुधवारी येईल."

"माणूस कशाला? वायर तीच आहे. डबा तोच आहे. फळीवर आहे!"

"पण आपण नवीन ग्राहक आहात ना मॅडम. नवीन जोडणी करावी लागेल."

बुधवार! मधे सोमवार होता. स्नेहलने बुधवारचं नोंदवून घेतलं आणि फोन ठेवला. मग तिने तिघांकडे पाहिलं आणि एकेकाला निरोप द्यायला सुरुवात केली. तेजल भली पोरगी निघाली. "रद्द करते मॅडम, पण कारण टाकावं लागतं. घर बदललं, गाव सोडलं, की इतर?" स्नेहल म्हणाली, "इतर." राजूने काही न विचारता आपली वायर गुंडाळली, बूट घातले आणि निघताना पुन्हा आबांच्या पाया पडला. त्याला अजूनही काहीतरी चांगलं घडलंय असंच वाटत होतं.

राहिला गोटीराम. सोमवारसाठी कुणीतरी ठेवायलाच हवा होता, आणि गोटीरामला घालवणं तसंही शक्य नव्हतं. गल्लीत राहायचं होतं. "फक्त बुधवारपर्यंत द्या हो," स्नेहल म्हणाली.

"वहिनी, आपल्याकडे तीन महिन्यांच्या खाली नसतं," गोटीराम नम्रपणे म्हणाला. "आन् भाव आबांनी हातात हात घेऊन ठरवलाय. नऊशे."

महेशने तोंड उघडलं. स्नेहलने त्याच्याकडे पाहिलं. महेशने तोंडात पोहे नसतानाही ते मिटलं.

रविवारी आबा निफाडला परत गेले. बागेत व्यापारी येणार होता. जाताना त्यांनी रुद्रच्या गालाची पापी घेतली, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, लय चुकलं माझं. पन सहाशे मिळालं का नाय? बुधवारपासून तरी!" स्नेहलला हसू आलं. म्हाताऱ्याने तिच्या नोकरीसाठी हलत्या दाताने एवढा कुजबुजाट केला होता. रागवायचं तरी कसं?

सोमवार उजाडला. स्नेहलने वर चांगला कुर्ता घातला, खाली घरची सलवार ठेवली आणि लॅपटॉप उघडला. गोटीरामचा दिवा हिरवागार होता. पडद्यावर पुण्याचे साहेब आले, त्यांच्याभोवती आठ-दहा नव्या सहकाऱ्यांच्या चौकटी आल्या. रुद्र बदकांच्या दुपट्यात तिच्या मांडीवर नुकता झोपला होता, वेणीचं टोक मुठीत धरून. हवं होतं ते सगळं एका खुर्चीत मावलं होतं.

"स्नेहल, वेलकम बॅक! घरी नेट नीट आहे ना?"

"एकदम पक्कं आहे, सर," ती हळू आवाजात म्हणाली.

साहेब कामाचं सांगू लागले. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. आबा. एकदा कापला. परत थरथरला. दुसऱ्यांदा कापला. तिसऱ्यांदा थरथरला, तेव्हा मात्र तिच्याने राहवेना. तिने फोन कानाला लावला.

"पोरी," आबांचा घाबरलेला आवाज, मागे वारा, "व्यापारी उठून चाललाय. मी म्हनलं, जा. आता बांधापर्यंत पोचला. वळतच नाय गं! तू शिकलेली हायस, सांग. आपन हाक मारू का त्याला?"

सगळी बाग. सगळं साल. आणि तो माणूस गाडीत बसला की संपलं! स्नेहलच्या डोळ्यांपुढे टीव्हीमागचा तो लाल दिवा आला. शनिवारपासून गळ्यात अडकलेला आवाज आत्ता कुठे मोकळा झाला.

"मारा, आबा! लगेच मारा! सोडू नका त्याला! गाडीपर्यंत धावत जा, पण मारा!"

रुद्र दचकून उठला आणि त्याने भोकाड पसरलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"स्नेहल," ते जपून म्हणाले, "कुणाला?"

नेट मात्र खरोखर उत्तम होतं. एक अक्षरही तुटलं नव्हतं.